काबूलचं सरकार दहा दिवसांत का कोसळलं?

६ ऑगस्ट २०२१ रोजी अफगाणिस्तानच्या नैर्ऋत्य टोकाचं झरंज शहर तालिबानच्या हाती गेलं. निमरोझ प्रांताची ही राजधानी, इराणच्या सीमेला लागून आहे. हे नाव आपल्याकडे काही जणांच्या कानावरून गेलेलं असेल, कारण झरंज ते देलाराम हा दोनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता भारताच्या सीमा रस्ते संघटनेनं बांधला होता आणि ते काम चालू असताना काही भारतीयांचे जीवही गेले होते. झरंज पडलं तेव्हा तिथे लढाई म्हणावी असं काही झालं नाही. पुढच्या आठवडाभरात एकामागून एक प्रांतांच्या राजधान्या गेल्या. १५ ऑगस्टला आपल्याकडे झेंडावंदन आटोपून लोक घरी परतले, तोवर तालिबान काबूलच्या वेशीवर येऊन थांबलं होतं. त्याच दिवशी दुपारी राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी हेलिकॉप्टरनं देशाबाहेर गेले आणि रात्री त्यांच्या टेबलामागे तालिबानची माणसं बसली.

वीस वर्षं उभं केलेलं सरकार, कागदावर ३ लाखांचं सैन्य आणि पोलीस दल, नुसत्या अमेरिकेनं त्या दलांवर केलेला ८० अब्ज डॉलरहून जास्त खर्च, आणि हे सगळं दहा दिवसांत संपलं. हे कसं झालं?

याचं सोपं उत्तर दुसऱ्याच दिवशी तयार होतं: अफगाण सैनिक लढलेच नाहीत. जे युद्ध अफगाण सैन्य स्वतःसाठी लढायला तयार नाही त्यात अमेरिकी सैनिकांनी मरू नये, असं अध्यक्ष जो बायडेन १६ ऑगस्टच्या भाषणात म्हणाले. आपल्याकडच्या चर्चांमध्येही हाच सूर होता. मला हे उत्तर चुकीचं वाटतं, आणि त्याहून जास्त म्हणजे ते अन्यायाचं वाटतं. ब्राउन विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या अंदाजानुसार या वीस वर्षांत ६६ हजारांहून अधिक अफगाण सैनिक आणि पोलीस मारले गेले. अमेरिकेचे मृत सैनिक अडीच हजारांच्या आत आहेत. आपण सप्टेंबर २०१४ मध्ये सत्तेवर आल्यापासून ४५ हजार जवान मारले गेलेत, असं घनींनी स्वतः जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं होतं. साडेचार वर्षांपेक्षाही कमी काळात ४५ हजार! इतकी माणसं गमावूनही जे सैन्य उभं राहिलं त्याला भित्रं म्हणता येत नाही. तेच सैन्य २०२१ च्या उन्हाळ्यात का थांबलं, हा खरा प्रश्न आहे.

एका चौकीतून बघितलं तर

हे समजून घ्यायचं तर काबूलमधून नव्हे, एखाद्या लांबच्या चौकीतून बघायला हवं. अफगाणिस्तानात साधारण ४०० जिल्हे. आपल्या तालुक्यासारखा एक जिल्हा धरा. त्याच्या मुख्य गावात सरकारी कचेरी, पोलीस ठाणं, आणि त्याला जोडणाऱ्या रस्त्यावर छोट्या छोट्या चौक्या. एकेका चौकीत दहा-वीस जवान. आजूबाजूचा मुलूख तालिबानचा, रस्त्यात सुरुंग पेरलेले, त्यामुळे अन्न, पाणी, दारूगोळा बऱ्याच ठिकाणी हेलिकॉप्टरनंच यायचा. जखमींना न्यायलाही हेलिकॉप्टरच.

तालिबाननं अशा बहुतेक चौक्यांवर हल्ला करून त्या घेतल्या नाहीत. आधी वेढा घातला, रसद तोडली आणि वाट पाहिली. मग जवळच्या गावातली वडीलधारी माणसं निरोप घेऊन चौकीत जायची. निरोप असा: शस्त्रं आणि गाड्या इथेच ठेवा, तुमच्या जिवाला धक्का लागणार नाही, माफीचं पत्र मिळेल, घरी जायला भाडंही देऊ; नाहीतर मरायला तयार राहा. मे २०२१ मध्ये लघमान, बघलान, वर्दक आणि गझनी या चार प्रांतांतल्या वीसहून जास्त चौक्या आणि तळ याच पद्धतीनं तालिबानला मिळाले.

आता त्या चौकीच्या नायकाच्या जागी उभं राहून हिशेब करा. तो शूर आहे की नाही याला फार महत्त्व उरत नाही. त्याला एवढंच ठरवायचं असतं, की आपण चार दिवस तग धरला तर पाचव्या दिवशी कुणी येणार आहे का? येणार असेल तर लढण्यात अर्थ आहे. येणार नसेल तर वीस पोरांना मारून चौकी तशीही जाणारच.

१६ जूनला फरियाब प्रांतातल्या दौलताबादमध्ये जे घडलं त्यानं या प्रश्नाचं उत्तर सगळ्या देशाला मिळालं. जिल्हा परत घ्यायला कमांडोंची तुकडी गेली होती. अफगाण सैन्यातली ही सगळ्यात कसलेली माणसं. त्यांचा अधिकारी मेजर सोहराब अझीमी हा निवृत्त जनरलचा मुलगा, अमेरिकेत शिकून आलेला. तालिबाननं त्यांना घेरलं. त्यांनी विमानांची मदत मागितली, कुमक मागितली. दोन्ही आलं नाही. वीसहून अधिक कमांडो मारले गेले, त्यात अझीमीही होता. त्यांच्यासाठीही कुणी येत नसेल तर रस्त्याच्या कडेच्या चौकीतल्या पोलिसासाठी कोण येणार?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात हजारावर सैनिक बदख्शान प्रांतातून सीमा ओलांडून ताजिकिस्तानात गेले. त्याच महिन्याच्या अखेरीपर्यंत निम्म्याच्या आसपास जिल्हे तालिबानकडे होते.

एखाद्या सहकारी बँकेबद्दल गावात कुजबुज सुरू झाली की काय होतं ते महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. बँकेत पैसे असतीलही, पण शेजारी आपले काढायला निघाला की आपणही निघतो, कारण शेवटी राहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. वेडेपणा कुणाचाच नसतो. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणपणानंच वागतो आणि बँक बुडते. चौकीवरचं अफगाण सरकार असंच बुडालं. शेजारची चौकी उठली की आपली चौकी एकाकी पडते, आणि एकाकी पडलेल्या चौकीला तडजोड करणं आणखी शहाणपणाचं वाटू लागतं.

भरवसा कुठे तुटला

त्याची तारीख सांगता येते: २९ फेब्रुवारी २०२०. त्या दिवशी कतारची राजधानी दोहा इथे अमेरिकेचे दूत झल्मय खलिलझाद आणि तालिबानचे मुल्ला अब्दुल घनी बरादर यांनी करारावर सह्या केल्या. अमेरिकेनं आणि तिच्या मित्रदेशांनी चौदा महिन्यांत आपलं सगळं सैन्य काढून घ्यायचं, तालिबाननं आपल्या मुलखातून अमेरिकेवर हल्ले होऊ द्यायचे नाहीत. ज्या सरकारच्या देशाबद्दल हा करार होता ते सरकार त्यात पक्षकारच नव्हतं. तरीही तालिबानचे ५ हजारांपर्यंत कैदी त्या सरकारच्या तुरुंगांतून सुटणार, हे करारात लिहिलेलं होतं. घनींनी बरीच खळखळ केली, पण सप्टेंबर २०२० पर्यंत ते कैदी सुटले.

हा करार खेड्यापाड्यात कसा वाचला गेला असेल? अमेरिका जाणार, हे तालिबानला लेखी मिळालं. तालिबान पुन्हा येणार, हे गावकऱ्यांना कळलं. आणि आपला धनी आपल्याला न विचारता शत्रूशी बोलतो, हे सैनिकाला कळलं. वडीलधाऱ्यांमार्फत निरोप धाडायचं काम तेव्हापासूनच सुरू झालं. ज्यांनी चौक्या २०२१ मध्ये सोडल्या त्यांच्यातल्या अनेकांची बोलणी आधीच्या वर्षीच झाली होती.

करारातली आणखी एक गोष्ट तेव्हा फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. नुसतं सैन्य नव्हे, तर खासगी कंत्राटदार, प्रशिक्षक, सल्लागार आणि मदतीला असलेले नागरी कर्मचारीही परत जाणार होते. माझ्या मते सगळ्यात मोठा घाव याच वाक्यानं घातला.

कारण अफगाण हवाई दल या कंत्राटदारांच्या जिवावर उडत होतं. आधी त्यांच्याकडे रशियन बनावटीची एमआय-१७ हेलिकॉप्टरं होती. जुनी, दणकट, अफगाण मेकॅनिक स्वतः खोलून जोडू शकत होते. २०१७ पासून अमेरिकेनं त्यांच्या जागी आपली ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं द्यायला सुरुवात केली. मशीन उत्तम, पण त्याची देखभाल शिकायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं मिळालीच नाहीत. ब्लॅक हॉक आणि मोठी मालवाहू विमानं जवळपास पूर्णपणे परदेशी कंत्राटदारांच्या हाती होती. ते गेल्यावर काही दुरुस्त्या व्हिडिओ कॉलवरून समजावून सांगायचे प्रयत्न झाले. त्यातच तालिबाननं वैमानिकांना घरी, रस्त्यात गाठून मारायला सुरुवात केली होती. विमानं जमिनीवर राहिली की चौकीवर रसद येत नाही, जखमी हलत नाहीत, वरून मारा होत नाही. २०१९ मध्ये अमेरिकी विमानांनी अफगाणिस्तानात ७ हजारांहून अधिक बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं टाकली होती. करारानंतर तो मारा एकदम खाली आला. अफगाण पायदळाला लढायला शिकवलं होतं ते डोक्यावर विमान असेल असं धरून. विमान काढून घेतलं, आणि मग विचारलं की तुम्ही का लढत नाही.

१४ एप्रिल २०२१ ला बायडेन यांनी बिनशर्त माघार जाहीर केली. जुलैच्या सुरुवातीला अमेरिकी सैन्यानं बगराम हा आपला सगळ्यात मोठा हवाई तळ रातोरात सोडला. वीज बंद झाली, आणि तळाची सूत्रं घेणाऱ्या अफगाण जनरलना अमेरिकी निघून गेल्याचं दोन तासांनी कळलं. दरम्यान लुटारू आत घुसून सामान उचलून नेत होते. जनरलची ही अवस्था, तर शिपायाची काय असेल?

आतली वाळवी

आता सरकारकडे वळू, कारण सगळा दोष अमेरिकेवर ढकलून चालणार नाही.

कागदावरच्या ३ लाखांत एक लाखाहून जास्त तर पोलीस होते. उरलेल्यांतही किती जण खरोखर हजर होते? शेवटचे अर्थमंत्री खालिद पायेंदा यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं, की त्यातले बहुतेक सैनिक अस्तित्वातच नव्हते. मेलेल्यांची, पळून गेलेल्यांची नावं हजेरीपटावर तशीच ठेवायची आणि त्यांचे पगार अधिकाऱ्यांनी खिशात घालायचे, हे वर्षानुवर्षं चाललं होतं. याचा परिणाम दुहेरी होता. एक तर पन्नास जणांच्या चौकीत पंधराच जण असायचे. आणि त्या पंधरा जणांना हे दिसत असायचं. अनेक पोलिसांना कित्येक महिने पगार मिळाला नव्हता. कंदाहारच्या आघाडीवरच्या पोलिसांना ऑगस्टमध्ये दिवसभराचं जेवण म्हणून काय आलं? पुठ्ठ्याच्या खोक्यातले बुळबुळीत झालेले बटाटे. वरचा साहेब काबूलमध्ये बंगला बांधतो आणि आपल्याला कुजके बटाटे धाडतो, हे ज्याला दिसतं त्यानं त्या साहेबासाठी का मरावं?

लोकांचा पाठिंबाही आटत गेला होता. सप्टेंबर २०१९ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ९६ लाख नोंदलेल्या मतदारांपैकी १८ लाखांच्या आसपास मतं मोजली गेली. निकाल लागायला फेब्रुवारी उजाडला. प्रतिस्पर्धी अब्दुल्ला अब्दुल्ला यांनी तो मानला नाही, आणि ९ मार्च २०२० ला काबूलमध्ये एकाच दिवशी दोन राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतली. दोहा करार होऊन दहा दिवसही झाले नव्हते. तालिबानला एकजुटीनं तोंड देण्याची हीच वेळ होती. खेड्यांत तर सरकारी न्यायालय म्हणजे लाच आणि तारखा अशी ओळख झाली होती, त्यामुळे जमिनीचे तंटे घेऊन लोक तालिबानच्या न्यायाधीशांकडे जात. पाकिस्तानातल्या आसऱ्यानं तालिबान वीस वर्षं टिकलं हे खरंच आहे, पण गावात पाय रोवायला त्याला सरकारच्या या वागण्यानं जागा करून दिली.

घनी आधी जागतिक बँकेत होते. अभ्यासू माणूस, पण विश्वास फार थोड्यांवर. उत्तरेतले अब्दुल रशीद दोस्तम, अता मोहम्मद नूर हे जुने सरदार सत्तेपासून दूर ठेवण्यात त्यांची बरीच वर्षं गेली. या सरदारांचे हात रक्तानं आणि पैशानं बरबटलेले होते, त्यामुळे घनींचं म्हणणं तत्त्वतः चूक नव्हतं. पण संकट आल्यावर याच लोकांकडे माणसं मागायची वेळ आली. ११ ऑगस्टला घनी त्यासाठी मझार-ए-शरीफला गेले, त्याच दिवशी त्यांनी सैन्यप्रमुखही बदलला. तीन दिवसांनी मझार पडलं आणि दोस्तम, नूर दोघेही उझबेकिस्तानात गेले.

ते दहा दिवस

तालिबाननं या वेळी मोर्चा आधी उत्तरेकडे वळवला, हे फार विचारपूर्वक होतं. १९९० च्या दशकात त्यांना शेवटपर्यंत न जुमानणारी आघाडी उत्तरेतच उभी राहिली होती. तिथेच आधी पाय रोवले की दुसरी आघाडी उभी राहायला जागा उरत नाही. त्याबरोबर सीमेवरची नाकी घेतली: जूनमध्ये ताजिकिस्तानकडचं शेरखान बंदर, जुलैत इराणकडचं इस्लाम काला, पाकिस्तानकडचं स्पिन बोल्दाक. सरकारची जकात तिथेच गोळा व्हायची. स्पिन बोल्दाकच्या याच लढाईचं वार्तांकन करताना भारतीय छायाचित्रकार दानिश सिद्दीकी १६ जुलैला मारले गेले.

ऑगस्टमध्ये मग फक्त गळती उरली होती. ८ तारखेला एकाच दिवशी कुंदुझ, सर-ए-पुल आणि तालुकान. ११ ला कुंदुझच्या विमानतळावर सैन्याची एक अख्खी कोअर, म्हणजे अनेक तुकड्यांचं मोठं दल, शरण गेली. १२ ला गझनीचे राज्यपाल तालिबानच्याच संरक्षणात शहराबाहेर पडले आणि पुढे सरकारनं त्यांना अटक केली. त्याच दिवशी हेरात गेलं, तिथले जुने सरदार, सत्तरी ओलांडलेले इस्माईल खान स्वतः बंदूक घेऊन उतरले होते, तेही पकडले गेले. १३ ला कंदाहार आणि लष्करगाह. लष्करगाहमध्ये मात्र साधारण दोन आठवडे रस्त्यारस्त्यांवर लढाई झाली होती. सैनिक लढलेच नाहीत म्हणणाऱ्यांनी हे एक नाव तरी लक्षात ठेवावं.

१४ ला घनींनी दूरचित्रवाणीवरून सांगितलं, की सैन्याची पुन्हा जुळवाजुळव हे आपलं पहिलं काम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काबूलमधल्या बँकांसमोर रांगा लागल्या होत्या. दोहामध्ये सत्ता हळूहळू सोपवण्याबद्दल बोलणी चालू होती आणि तालिबाननं आपल्या माणसांना वेशीवर थांबायला सांगितलं होतं. पण घनी गेल्याची बातमी फुटली आणि सोपवणारं कुणी उरलंच नाही. रक्तपात टाळायला आपण गेलो, असं घनी पुढे म्हणाले. त्यांच्या जाण्यानं मागे राहिलेल्यांच्या हातातून वाटाघाटीची शेवटची संधीही गेली, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही.

याच शहरात, तीस वर्षांपूर्वी

परकी सैन्य गेलं की सरकार पडतंच, असा नियम नाही. त्याचा पुरावा काबूलमध्येच आहे. १५ फेब्रुवारी १९८९ ला सोव्हिएत सैन्याचा शेवटचा सेनापती बोरिस ग्रोमोव पूल ओलांडून परत गेला. मागे सोव्हिएतांच्या पाठिंब्यावर उभं असलेलं राष्ट्राध्यक्ष नजीबुल्लांचं सरकार होतं. ते काही आठवड्यांत पडेल असं जवळजवळ सगळ्यांना वाटत होतं. महिन्याभरात मुजाहिदीनांनी, म्हणजे त्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांनी, जलालाबादवर मोठा हल्ला केला, आणि नजीबुल्लांच्या सैन्यानं तो परतवला. तेच अफगाण सैनिक, तोच देश. फरक इतकाच, की मॉस्कोहून धान्य, इंधन, दारूगोळा आणि पैसा येत राहिला. शत्रूनं शरण आलेल्यांना ठार केल्याच्या बातम्या पसरल्यावर तर शरण जाण्याचा पर्यायही कुणाला नको झाला.

सोव्हिएत संघ मोडला आणि १ जानेवारी १९९२ पासून ती मदत बंद झाली. काही आठवड्यांत उत्तरेतले दोस्तम फिरले. एप्रिलमध्ये नजीबुल्लांचं राज्य संपलं. सरकार सैन्य गेल्यावर तीन वर्षं टिकलं आणि रसद थांबल्यावर चार महिनेही टिकलं नाही.

२०२१ मध्ये पैशांचं आश्वासन होतं, पण तो पोहोचवणारी यंत्रणा, म्हणजे विमानं आणि ती उडवत ठेवणारी माणसं, काढून घेतली गेली. आणि तालिबान या वेळी माफीची पत्रं वाटत होतं.

नंतर

अफगाण सरकारच्या एकूण खर्चातला साधारण तीन चतुर्थांश भाग परदेशी अनुदानातून यायचा. तो एका दिवसात थांबला. देशाच्या मध्यवर्ती बँकेची अमेरिकेत असलेली सुमारे ७ अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवण्यात आली. शिक्षक, परिचारिका, कारकून यांचे पगार तटले आणि त्या हिवाळ्यात उपासमारीची वेळ आली. पुण्यात शिकणारे आणि सुट्टीत घरी गेलेले अनेक अफगाण विद्यार्थी तिकडेच अडकले, कारण भारतानं २५ ऑगस्टला आधी दिलेले व्हिसा रद्द ठरवून नव्यानं ई-व्हिसा घ्यायला सांगितलं. ज्यांची पदवी शेवटच्या वर्षावर येऊन थांबली होती अशा मुलामुलींना मला वाटतं आपण त्या वेळी जास्त मोठ्या मनानं आत घ्यायला हवं होतं.

आणि चौक्यांमधून शस्त्रं ठेवून घरी गेलेले ते सैनिक? तालिबाननं सत्ता घेताच सर्वांना माफी जाहीर केली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अफगाणिस्तानातल्या पथकानं अहवाल काढला. जून २०२३ च्या अखेरीपर्यंत माजी सैनिक, पोलीस आणि अधिकाऱ्यांवरच्या अत्याचाराची किमान ८०० प्रकरणं त्यांनी नोंदवली, त्यात २१८ जणांना कोणताही खटला न चालवता मारण्यात आलं होतं. सगळ्यात जास्त प्रकरणं माजी सैनिकांची होती. त्यांतल्या काहींना कोठडीत नेऊन मारलं, तर काहींचे मृतदेहच नातेवाइकांना मिळाले.